औषधाची पारख

खेड्यातला माणूस बाजारात सहसा फसत नाही. तांदूळ घेताना तो एखादा दाणा दाताखाली धरून पाहतो, मडके बोटाच्या पेराने वाजवून पाहतो, बैलाचे दात मोजतो, आंब्याच्या देठाचा वास घेतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नसते. ते हातांत, नाकात आणि जिभेवर साठलेले असते. तोच माणूस तापाने फणफणलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन औषधाच्या दुकानाशी येतो, तेव्हा मात्र ही सारी विद्या एकाएकी निरुपयोगी ठरते. चांगली गोळी आणि खडू दाबून केलेली गोळी या दोहोंचा रंग सारखाच पांढरा असतो. औषधी द्रव्य असलेले सरबत आणि विष कालवलेले सरबत ही दोन्ही जिभेला गोडच लागतात. आजीबाईच्या बटव्यातले वेखंड, सुंठ किंवा मुरुडशेंग ओळखता येत असे. तिचा गुण येवो न येवो, ती वस्तू तीच आहे एवढी खात्री तरी असे. कारखान्यातून आलेल्या औषधाच्या बाबतीत तीही खात्री ग्राहकाला स्वतःला करून घेता येत नाही. येथे पारख परस्वाधीन आहे. दुसऱ्या कोणीतरी, कोठेतरी दूर, ती करून ठेवलेली असावी लागते आणि मग तिच्यावर डोळे मिटून विसंबावे लागते.

हा ‘दुसरा कोणीतरी’ हिंदुस्थानात कसा घडत गेला, याचा शोध घेऊ लागले की पावले पुन्हा पुन्हा एकाच शहराकडे वळतात. ते शहर म्हणजे कोलकाता. या शहराची ओळख मराठी वाचकाला काव्य, नाट्य आणि चित्रपट यांच्या द्वारे अधिक झाली आहे. परंतु औषधाची गोळी, तिचे वजन, तिची शुद्धता आणि ती विकणाऱ्याची जबाबदारी यांचा इतिहासही बहुतांशी याच शहरात लिहिला गेला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालची खेडी हिवतापाने पोखरून निघाली होती. त्यावर उतारा एकच होता, तो म्हणजे कोयनेल. दार्जिलिंगच्या डोंगरात मंगपू येथे सिंकोनाची सरकारी लागवड उभी राहिली होती आणि झाडाच्या सालीपासून क्विनीन काढण्याचा कारखानाही तेथेच चालू होता. या लागवडीची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते जॉर्ज किंग हे कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक होते. औषध तयार झाले, तरी ते तापकऱ्याच्या झोपडीपर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न उरलाच. खेड्यात दवाखाना नव्हता, औषधाचे दुकान नव्हते. पण टपाल कचेरी होती. १८९२ साली बंगालात टपाल कचेऱ्यांमधून क्विनीनच्या लहान लहान पुड्या विकण्याची योजना सुरू झाली. एका पुडीत ५ ग्रेन क्विनीन, आणि किंमत एक पैसा.

वरवर पाहता ही एक साधी सरकारी सोय होती. परंतु जरा थांबून विचार केला, तर खेड्यातल्या औषधविक्रीला आजही ज्या गोष्टी हव्या असतात, त्या जवळजवळ सगळ्या त्या पैशाच्या पुडीत एकवटल्या होत्या असे दिसते. औषध कोठून आले ते ठाऊक होते. वजन ठरलेले होते. पुडी बंद होती, त्यामुळे विकणाऱ्याला तिच्यात काही मिसळता येत नव्हते किंवा तिच्यातून काही काढता येत नव्हते. किंमत ठरलेली होती. आणि विकणारा मनुष्य वैद्य नसला, तरी गावाला माहीत असलेला आणि वरिष्ठांना हिशेब देणारा होता. पोस्टमास्तराला क्विनीनचे रसायनशास्त्र कळत नव्हते. ते कळण्याची गरजही नव्हती. पारख अगोदरच झालेली होती, त्याने ती फक्त हातोहात पोचवायची होती.

याच सुमारास, त्याच १८९२ साली, कलकत्त्यात अपर सर्क्युलर रोडवरील एका भाड्याच्या घरात प्रफुल्लचंद्र राय यांनी औषधे तयार करण्याचा उद्योग आरंभला. ते प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक होते. गाठीला भांडवल होते सुमारे ७०० रुपये. या रोपट्यातून १९०१ साली ‘बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स’ ही मर्यादित कंपनी झाली. राय यांचे चरित्र सांगताना त्यांच्या स्वदेशीचा आणि त्यागाचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. पण त्यांच्या कामाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. कारखाना काढला त्याच काळात ते तूप आणि मोहरीचे तेल यांतील भेसळ कशी ओळखावी याचा रासायनिक अभ्यास करीत होते आणि १८९४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तो प्रसिद्धही केला. म्हणजे माल तयार करणारे हात आणि माल तपासणारी नजर ही दोन्ही एकाच माणसाची होती.

त्या वेळचा औषधविक्रेता देशी औषधाकडे संशयाने पाही. विलायती शिक्का असलेली बाटली तो निःशंकपणे फळीवर मांडी आणि कलकत्त्यात तयार झालेली बाटली मात्र हातात फिरवून परत देई. या संशयाला उत्तर देण्याचे दोन मार्ग होते. एक भावनेचा, की हे आपल्या देशाचे आहे, म्हणून घ्या. दुसरा प्रमाणाचा, की हे ब्रिटिश औषधिकोशातील कसोटीला उतरते, तपासून पाहा आणि मग घ्या. राय यांनी दुसरा मार्ग धरला. स्वदेशीचे अर्थशास्त्र त्याच बंगालात एका मराठी वंशाच्या लेखकाने, सखाराम गणेश देउस्कर यांनी, १९०४ साली ‘देशेर कथा’ या ग्रंथातून बंगाली वाचकांपुढे मांडले होते आणि त्या ग्रंथाने एक पिढी पेटून उठली होती. पण देशप्रेमाने कापड जाडेभरडे असले तरी नेसता येते. औषधाचे तसे नाही. कमअस्सल औषध देशी असले तरी रोग्याला वाचवत नाही. स्वदेशीच्या चळवळीत औषधाच्या धंद्याला हा धडा इतरांपेक्षा आधी शिकावा लागला.

राय यांच्यासारखे कारखानदार थोडे होते आणि बाजार मोठा होता. औषधावर नियंत्रण ठेवणारा कायदाच देशात नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर परदेशांतून आलेली आणि येथे तयार झालेली नाना तऱ्हेची औषधे बाजारात शिरली. क्विनीनचीच नक्कल सर्वांत अधिक होऊ लागली, कारण तिला सर्वांत अधिक मागणी होती. ज्या औषधावर खेड्यांचे प्राण अवलंबून होते, नेमके तेच औषध भेसळ करणाऱ्याला सोयीचे वाटावे, यात दैवाचा उपहास काही नाही. बाजाराचा साधा नियम आहे. कोयनेल कडू असते एवढेच ग्राहकाला ठाऊक असते, आणि कडवटपणा आणण्यासाठी क्विनीनच हवे असे नाही.

अखेर १९३० साली सरकारने औषध चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते रामनाथ चोप्रा. कलकत्त्याचे उष्णकटिबंधीय वैद्यकाचे विद्यालय १९२१ साली सुरू झाले, तेव्हापासून ते तेथे औषधगुणशास्त्राचे प्राध्यापक होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेतील फादर कायस हेही या समितीवर होते, त्यामुळे या कामाला महाराष्ट्राचाही हात लागलेला आहे. समितीने प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या, नमुने जमवले आणि १९३१ साली अहवाल दिला. औषधांवर नियंत्रण ठेवणारा मध्यवर्ती कायदा हवा, नमुने तपासणारी मध्यवर्ती प्रयोगशाळा हवी आणि औषधे बनवून देणाऱ्या माणसाच्या शिक्षणाची व नोंदणीची व्यवस्था हवी, असा त्या अहवालाचा आशय होता. वस्तू, कसोटी आणि माणूस अशी ही त्रयी होती.

या तीनही गोष्टी झाल्या, पण सावकाश झाल्या. १९३७ साली कलकत्त्यात जैवरासायनिक प्रमाणीकरण प्रयोगशाळा निघाली. पुढे तिचेच रूपांतर केंद्रीय औषध प्रयोगशाळेत झाले आणि ती आजही कोलकात्यात किड स्ट्रीटवर आहे. औषध अधिनियम १९४० साली संमत झाला, त्याचे नियम १९४५ साली आले. औषधशाळेत काम करणाऱ्यांच्या शिक्षणाचा आणि नोंदणीचा कायदा १९४८ साली झाला. भारताचा स्वतःचा औषधिकोश १९५५ साली प्रसिद्ध झाला. ‘बेंगॉल फार्माकोपिया’ नावाचा ग्रंथ याच शहरात १८४४ साली तयार झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रवास किती लांबला ते कळते. औषधिकोश म्हणजे औषधांची केवळ यादी नव्हे. एखादे द्रव्य किती शुद्ध असावे, गोळी पोटात किती वेळात विरघळावी, तिच्यात द्रव्याचे प्रमाण किती कमीजास्त चालेल, ती कोणत्या तापमानात ठेवावी, हे सारे त्यात लिहिलेले असते. सराफाच्या तराजूला जे स्थान, तेच औषधाच्या व्यवहारात या ग्रंथाला.

कायद्याची रचना पाहिली तर तिच्यात एक गंभीर सौंदर्य आहे. औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो, तेव्हा त्याचे चार भाग करतो. एक भाग दुकानदाराच्या हाती राहतो, एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी राखला जातो आणि ज्याच्याकडून दुकानदाराने ते औषध घेतले त्याचे नाव कळले असेल तर एक त्याच्याकडे जातो. विश्लेषकाचा निष्कर्ष मान्य नसेल, तर न्यायालय आपल्याकडचा भाग केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवू शकते आणि तिच्या संचालकांचा अहवाल निर्णायक पुरावा ठरतो. वादाचा शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमाने सामान्य माणसालाही एक हक्क दिला आहे. विकत घेतलेल्या औषधाविषयी शंका आली, तर ठरलेले शुल्क भरून कोणालाही ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. खेड्यातल्या माणसाच्या हातून निसटलेली पारख कायद्याने त्याला अशी परत देऊ केली आहे. पण हा हक्क ठाऊक असलेला मनुष्य खेड्यात शोधावा लागेल. आणि ठाऊक असला, तरी अर्धी वापरलेली पट्टी घेऊन जिल्ह्याच्या गावी जाण्याचे भाडे त्या औषधाच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

कारखान्याच्या दारातून औषध निर्दोष बाहेर पडले, तरी ते रोग्याच्या मुखात पडेपर्यंत निर्दोषच राहील असे नाही. कोलकात्यातील कॅनिंग स्ट्रीटवरच्या बागरी मार्केटमध्ये औषधांचा मोठा घाऊक व्यापार चाले. २०१८ च्या सप्टेंबरात तेथे भीषण आग लागली आणि ती विझवायला काही दिवस लागले. अशा घाऊक बाजारातून निघालेली खोकी लोकलगाडीने कॅनिंगला, तेथून रस्त्याने गदखालीला आणि मग होडीने गोसाब्यासारख्या सुंदरबनातल्या बेटावर पोचतात. ज्या वेष्टनावर थंड व कोरड्या जागी ठेवण्याची सूचना छापलेली असते, ते वेष्टन अशा प्रदेशात येते, जेथे वर्षाचे कित्येक महिने थंडही नसते आणि कोरडेही नसते. पत्र्याच्या छपराखाली दुपारी जी धग साठते, तिची नोंद कोणत्याही बिलावर होत नाही. इन्शुलिन किंवा लस २ ते ८ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवावी लागते. वीज गेली की शीतपेटी हे नुसते कपाट होते. बिघडलेले इन्शुलिन पुष्कळदा दिसायला पूर्वीसारखेच असते. २००९ सालचे ‘आयला’ आणि २०२० सालचे ‘अम्फान’ या वादळांत त्या बेटांवर खारे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी भिजलेली औषधे नष्ट करावीत, असे प्रमाण सांगते. परंतु ज्याचे सारे भांडवल त्या दोन फळ्यांवर होते, त्याच्या दृष्टीने पट्टीवरचे पाणी फडक्याने पुसून टाकणे किती सोपे असते, याचा विचार प्रमाण लिहिणाऱ्याने केलेला नसतो.

म्हणून शेवटी प्रश्न येतो तो फळीमागे उभ्या असलेल्या माणसाचा. मराठी गावांत जो कंपाउंडर होता, तोच बंगालच्या गावांत कंपाउंडरबाबू होता. मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून तो मात्रा दाखवी. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही त्या खुणा वाचता येत. ती पट्टी म्हणजे सुरक्षिततेचे एक साधन होते, असे त्याला कोणी सांगितले नसेल. तयार गोळ्यांचे युग आले आणि मिश्रण करण्याचे काम संपले; पण ओळखून देण्याचे, समजावून देण्याचे आणि प्रसंगी नाकारण्याचे काम राहिले. १९४८ च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावयाचे असते. व्यवहारात अनेक ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि ज्याचे ते आहे तो मनुष्य दुसऱ्याच गावी असतो. प्रमाणपत्र भाड्याने मिळते; ज्ञान भाड्याने मिळत नाही.

ज्ञान आणि पदवी या दोन गोष्टी एकच नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे. अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला, ज्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात, रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांच्याजवळ औषधे मोजकीच होती. पण कोणते केव्हा द्यायचे आणि कोणत्या क्षणी आपले काम संपून रुग्णाला दवाखान्यात न्यायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पदवीधराच्या रिकाम्या खुर्चीपेक्षा अशी मर्यादा जाणणारी बाई गावाला अधिक सुरक्षित ठेवते. कायद्याला ही गोष्ट मोजता येत नाही, म्हणून तो प्रमाणपत्र मोजतो. पण प्रमाणपत्राचा हेतू तोच आहे, हे विसरले की उरतो तो केवळ भिंतीवरचा कागद.

फळीवरच्या चुका बहुधा लहान असतात आणि म्हणूनच त्या दिसत नाहीत. गिऱ्हाईक गरीब असते. त्याला दहा गोळ्यांची पट्टी परवडत नाही. दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो. बॅचचा नंबर आणि मुदतीची तारीख पट्टीच्या ज्या टोकाला असते, ते टोक पहिल्याच गिऱ्हाइकाबरोबर गेले, तर उरलेल्या गोळ्यांना ना नाव राहते ना वय. प्रतिजैविकांचा पुरा क्रम ठरावीक दिवसांचा असतो. ताप दोन दिवसांत उतरतो आणि उरलेल्या गोळ्या देवळीत ठेवून पुढच्या आजारात दुसऱ्याच माणसाला दिल्या जातात. १ मार्च २०१४ पासून काही निवडक प्रतिजैविके व क्षयावरील औषधे ‘एच-१’ या अनुसूचीत आली. ती विकताना रोग्याचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. नियम चोख आहे. पण ज्या दुकानात दिवसाकाठी बिल म्हणून एकही कागद फाडला जात नाही, तेथे ही वही कोण लिहिणार?

बिल ही क्षुल्लक वस्तू नव्हे, हे समजण्यासाठी एक जुनी घटना आठवावी लागते. १९३७ सालीच, म्हणजे कलकत्त्यात प्रमाणीकरणाची प्रयोगशाळा निघाली त्याच वर्षी, अमेरिकेत सल्फानिलामाइडचे एक गोड औषध बाजारात आले. ते विरघळवण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल वापरले होते. हे द्रव्य ग्लिसरिनसारखेच दाट आणि गोड असते, पण ते मूत्रपिंडे निकामी करते. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत अनेक मुले होती. तेव्हा सरकारी निरीक्षकांनी दुकानांतील विक्रीच्या पावत्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या धुंडाळून बाटली बाटली शोधून काढली आणि बहुतेक सारा साठा परत मिळवला. कायदा अपुरा होता, पण कागद शाबूत होते; त्या कागदांनी कितीतरी जीव वाचवले.

तेच विष भारतात वारंवार परतले आहे. १९७२ साली मद्रासला त्याने मुलांचे प्राण घेतले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरिन दिल्याने १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीतले गंजलेले दुवे उघडे केले. २०२२ साली गांबियात सुमारे ७० मुलांचे मृत्यू झाले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांविषयी जगाला इशारा दिला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले गेली. त्यांतली बरीचशी पाच वर्षांच्या आतली होती आणि अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. सहन करता येणारी मर्यादा आहे ०.१ टक्का. हे द्रव्य ओळखण्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागते असेही नाही. वर्णलेखनाची साधी चाचणी कच्च्या मालावर वेळीच केली, तर ते सापडते. ती चाचणी करायची की नाही एवढाच प्रश्न कोणाच्या तरी टेबलावर आला होता, आणि त्याचे उत्तर शेकडो मैलांवरच्या घरांत लिहिले गेले.

छिंदवाड्याच्या दुकानदाराला ती बाटली पाहून विष ओळखता आले नसते. पोस्टमास्तराप्रमाणेच तोही वरच्या पारखीवर विसंबून होता. फरक इतकाच, की या वेळी वरची पारख झालेलीच नव्हती. अशा वेळी खालच्या दुकानाच्या हाती एकच गोष्ट उरते. ती म्हणजे आठवण. कोणत्या बॅचची किती बाटल्या आल्या, त्या कोणाच्या घरी गेल्या, हे लिहिलेले असेल, तर पहिले मूल आजारी पडताच दहाव्या घरातली बाटली परत आणता येते. लिहिलेले नसेल, तर प्रत्येक घराला स्वतःच्या मुलावरून ते शिकावे लागते.

या संदर्भात भारतीय औषध नियमांतील ‘के’ ही अनुसूची वाचताना मन थबकते. ज्या गावाची लोकसंख्या एक हजाराहून अधिक नाही आणि जेथे परवानाधारक औषधविक्रेता नाही, तेथे काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची मुभा या अनुसूचीने दिली. अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, मलमे, एरंडेल, आयोडीन अशी ती यादी आहे आणि खोकल्याची सरबतेही कित्येक दशके तिच्यात होती. हा नियम निष्काळजीपणाने केलेला नाही. औषध मूळच्या बंद वेष्टनात असावे, परवानाधारकाकडूनच आणलेले असावे, अशा अटी त्याला आहेत. त्यामागची करुणाही खरी आहे. पावसाळ्यात ज्या गावाचा रस्ता तुटतो, तेथे किराणा दुकानातली तापाची गोळी हाच दवाखाना असतो. परवान्याचा आग्रह धरला, तर गावात सुरक्षित औषध येणार नाही. औषधच येणार नाही. १८९२ च्या टपाल कचेरीचाच हा वारसा म्हणता येईल.

पण त्या वारशाचा अर्धाच भाग येथे आला आहे. पैशाच्या पुडीच्या मागे एकच ज्ञात कारखाना होता आणि विकणारा हिशेब देण्यास बांधलेला होता. येथे विकणाऱ्याला मोकळीक मिळाली, परंतु मागच्या साखळीची हमी तेवढ्याच प्रमाणात वाढली नाही. वस्तुतः न्याय याच्या उलट असायला हवा. जेथे डॉक्टर नाही, औषधनिर्माता नाही, निरीक्षक फिरकत नाही, तेथे जाणारी बाटली सर्वांत अधिक वेळा तपासलेली असली पाहिजे. कारण शहरातल्या आईला चूक सुधारण्याची संधी मिळते, तिच्या घराजवळ रुग्णालय असते. हजार वस्तीच्या गावात तशी दुसरी संधी नसते.

हे अशक्य नाही, हेही कोलकात्यानेच दाखवून दिले आहे. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित सीमेपलीकडून आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीचा कहर झाला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडाने पाजण्याच्या क्षारजलाचा आधार घेतला. २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर पाण्यासाठी. ही द्रव्ये कोलकात्यात मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केली आणि छावणीत नेली. तेथे ते पाणी पाजले ते बहुधा आयांनी, बहिणींनी, नातलगांनी. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. पाजणाऱ्या हातांना शिक्षण नव्हते. पण पिशवीत शिरलेले प्रत्येक ग्रॅम कोणीतरी काळजीपूर्वक मोजलेले होते. काळजी जेथे घेणे शक्य होते तेथे ती पुरेपूर घेतली गेली, म्हणून जेथे ती घेणे शक्य नव्हते तेथे माणसे वाचली.

दर्जा हा शब्द उच्चारला, की बहुधा मोठे कारखाने, पांढरे डगले आणि काचेची उपकरणे डोळ्यांपुढे येतात. २०२३ च्या अखेरीस कारखान्यांसाठीचे उत्पादनविषयक नियम अधिक कडक झाले, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून ३०० नावाजलेल्या औषधांच्या वेष्टनांवर पडताळणीची सांकेतिक खूण आली. या गोष्टी स्वागतार्हच आहेत. तरीही गावच्या पातळीवर दर्जाचे रूप फार साधे असते. पट्टी कापताना तारखेचे टोक शेवटपर्यंत राखून ठेवणे, उन्हाच्या बाजूची फळी रिकामी सोडणे, मुदत संपलेल्या बाटल्या वेगळ्या खोक्यात टाकून त्यावर मोठी फुली मारणे, मागितले नाही तरी बिल देणे, आणि लहान मुलासाठी खोकल्याचे औषध मागणाऱ्या बापाला ‘हे राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा’ असे सांगून चार पैशांची विक्री सोडून देणे. यांतल्या एकाही कृतीला प्रयोगशाळा लागत नाही. मात्र प्रत्येक कृतीत दुकानदाराचे थोडे नुकसान असते, आणि ते त्याने एकट्याने सोसावे अशी समाजाची अपेक्षा असते.

ती अपेक्षा रास्त नाही. भिजलेला साठा परत घेणारा घाऊक व्यापारी, वर्षातून दोनदा तरी बेटावर उतरणारा निरीक्षक, शंका आलेला नमुना विनाशुल्क स्वीकारणारे तालुक्याचे आरोग्य केंद्र, आणि बिल मागणारे गिऱ्हाईक यांचा आधार मिळाला, तरच त्या दुकानदाराचा प्रामाणिकपणा टिकाऊ होईल. एरवी तो त्याचा वैयक्तिक सद्गुण राहील, आणि सद्गुणाच्या भरवशावर औषधाचा व्यवहार चालवू नये, हेच तर चोप्रा समितीने १९३१ साली सांगितले होते. किड स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत न्यायालयांकडून आलेले सीलबंद नमुने उघडले जातात, मोजले जातात, त्यांचे निकाल लिहिले जातात. त्या निकालाची भाषा रुक्ष असते. औषध प्रमाणित दर्जाचे आहे किंवा नाही. पण तो निकाल येईपर्यंत त्याच बॅचची उरलेली औषधे कोणाच्या ना कोणाच्या घरी पोचलेली असतात. कागदावरचा ‘नाही’ हा शब्द त्या घरी औषधाच्या आधी पोचवणे, एवढेच अजून करावयाचे राहिले आहे.